टेक्सासमधील मातामृत्यू तपासणीचा कायदा: कुटुंबाला काय कळू शकते?

तगर:
माझ्या धाकट्या जावेचे मार्च २०२३ मध्ये टेक्सासमध्ये निधन झाले. बाळ तेव्हा नऊ आठवड्यांचे होते. आडवे झाले की तिला धाप लागे, म्हणून ती पाठीशी तीन उशा रचून बसल्या बसल्याच डोळा लावत असे. इस्पितळाच्या तातडीच्या विभागात तिला दोनदा नेले आणि दोन्ही वेळा, जागरणामुळे असे होते, असे सांगून परत पाठवले. बाळंतपणात हृदयाचा स्नायू दुबळा झाला होता, हे निदान ती गेल्यावर कागदावर आले. अशा मृत्यूंच्या तपासणीसाठी तेथे राज्याचा कायदा आणि समिती आहे, असे समजते. नऊ आठवड्यांनंतरचा मृत्यू त्यात धरतात का, आणि समितीचा निष्कर्ष माझ्या दिरांना मिळू शकेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

शुश्रूषा:
तगरताई, वाचून फार वाईट वाटले. मी टेक्सासमध्येच प्रसूती विभागात परिचारिका आहे, म्हणून लिहिते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंतचाच मृत्यू मातामृत्यू ठरतो. अमेरिकेतील राज्यांच्या समित्या मात्र गरोदरपण संपल्यापासून वर्षभरातले मृत्यू पाहतात. ते योग्यच आहे, कारण ३६ राज्यांच्या समित्यांनी २०१७ ते २०१९ या काळातील जे गरोदरपणाशी संबंधित मृत्यू तपासले, त्यांतील निम्म्याहून अधिक बाळंतपणाला आठवडा उलटून गेल्यावर झालेले होते आणि पाचांपैकी चारांहून अधिक टाळता येण्याजोगे होते.

निष्कर्ष मात्र मिळणार नाही. टेक्सासने २०१३ मध्ये कायदा करून ही समिती स्थापन केली. तिच्यापुढे येणाऱ्या कागदांवरून रुग्णाची आणि उपचार करणाऱ्यांची ओळख त्या कायद्यानुसार आधीच पुसली जात असे, प्रकरणावरची चर्चा गोपनीय असते आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून मागवता येत नाही. आपले बोलणे उद्या खटल्यात येईल अशी धास्ती असेल, तर समितीतील कोणीही ‘येथे चूक झाली’ असे मोकळेपणाने म्हणणार नाही, म्हणून ही तरतूद मला आवश्यक वाटते. इस्पितळातील मूळ केसपेपर त्या गोपनीयतेत अडकत नाहीत. मृत व्यक्तीचे कायदेशीर प्रतिनिधी म्हणून आपले दीर ते मागू शकतात. दोन्ही भेटींच्या नोंदी त्यांनी आवर्जून मागाव्यात.

एकेक प्रकरण वाचण्याला पर्याय नाही, हेही येथेच दिसले आहे. २०१२ साली राज्यात १४७ मातामृत्यू झाल्याचे मृत्यूच्या दाखल्यांवरून दिसत होते. प्रत्येक मृत्यूची मूळ कागदपत्रे ताडून पाहिल्यावर तो आकडा ५६ वर आला. दाखला संगणकावर भरताना गरोदरपणाविषयीचा चुकीचा पर्याय निवडला गेल्यामुळे, गरोदर असल्याचा पुरावाच नसलेल्या स्त्रियाही त्या मोजणीत आल्या होत्या.

माणदेशी:
गोपनीयता मला पटते, परंतु कुटुंबाला दाराबाहेर ठेवणे पटत नाही. मी महाराष्ट्रात तालुका आरोग्य अधिकारी म्हणून काम करून निवृत्त झालो. आपल्याकडे माता मृत्यू अन्वेषण चालते ते केंद्र सरकारच्या २०१० पासूनच्या मार्गदर्शक सूचनांवर, आणि त्यांत जिल्हाधिकाऱ्यांसमोर नातेवाइकांचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आहे. अशा एका बैठकीला मृत मुलीचे वडील आले होते. गाडीसाठी फोन किती वाजता केला, गाडी किती वाजता आली, पहिल्या दवाखान्यातून पुढे किती वाजता पाठवले, हे सारे त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर लिहून आणले होते. केसपेपरवर ‘उशिरा दाखल’ एवढेच दोन शब्द होते. तो उशीर घरच्यांचा नव्हता, हे आम्हाला त्या कागदावरून कळले.

अर्थात आपली पद्धतही अपुरी आहे. आपण ४२ दिवसांवर थांबतो, त्यामुळे तगरताईंची जाऊ येथे असती तर या अन्वेषणात आलीच नसती.

तगर:
दोघांचीही मनापासून आभारी आहे. २०२३ मधील मृत्यूंची तपासणी समितीने पूर्ण केली आहे का?

शुश्रूषा:
हे लिहिणे मला जड जाते आहे. टेक्सासच्या समितीने २०२४ मध्ये असे ठरवले की, २०२२ आणि २०२३ मधील प्रकरणे न तपासता थेट २०२४ कडे वळायचे, म्हणजे निष्कर्ष ताजे राहतील. राज्यातील गर्भपातबंदीनंतरचीच ही वर्षे असल्याने त्यावर बरीच टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. ठरल्याप्रमाणे आपल्या जावेचे प्रकरण समितीपुढे जाणार नाही.

समिती कायद्याने नेमली, एवढ्याने काम भागत नाही, हे अमेरिकेतल्याच आयडाहो राज्यातही दिसले. तेथील २०१९ च्या कायद्याची मुदत १ जुलै २०२३ रोजी संपली, समिती बंद पडली आणि विधिमंडळाला २०२४ मध्ये ती नव्या कायद्याने पुन्हा उभी करावी लागली. प्रत्येक वर्षातील प्रत्येक मृत्यू ठरावीक मुदतीत तपासलाच पाहिजे, असे बंधन कायद्यातच हवे, आणि माणदेशी म्हणतात तसे घरच्यांचे म्हणणे नोंदवणेही त्यात हवे.

टेक्सासच्या समितीच्या सभांचा काही भाग जनतेसाठी खुला असतो व तेथे नागरिकांना आपले म्हणणे मांडता येते. दिरांची मनाची तयारी असेल तर त्यांनी जरूर जावे. केसपेपर हाती आल्यावर दोन्ही भेटींच्या तारखा, वेळा आणि त्या दिवशीची नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी एका पानावर उतरवून सोबत न्याव्यात. बोलायला मिळणारा वेळ फार थोडा असतो.