मदत हवी आहे: खगोलाच्या शब्दकोड्यात एकाच ग्रहाची दोन-तीन नावं, कोणतं धरायचं?

नमस्कार मंडळी, प्रश्न तसा छोटा आहे पण तीन दिवस झाले अडकलोय म्हणून विचारतेय.

आम्ही देवगड तालुक्यात, खाडीकाठी राहतो. बाबांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, काही दिवस मोबाईल नको, पेपर नको असं सांगितलंय, त्यात बाहेर पाऊस असा लागलाय की बागेत पण जाता येत नाही, ज्या माणसाचा अख्खा दिवस कलमांखाली जायचा तो पडवीत नुसता बसून असायचा, ते मला बघवेना. म्हणून मोबाईलवरचं रोजचं छोटं शब्दकोडं सुरू केलं, पाच बाय पाचचं, या महिन्यात सगळी खगोलाची आहेत. मी सूचना वाचते, किती घरं ते सांगते, बाबा डोळे मिटून बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजतात. कृ, त्ति, का. तिसऱ्या पेरावर अंगठा तसाच धरून ठेवतात आणि म्हणतात, "कृत्तिका. बसता."

अडचण अशी की बाबांची नावं पंचांगातली आणि शेतीतली, माझी शाळेच्या पुस्तकातली, आणि कोडं कधी हे मागतं कधी ते. गेल्या आठवड्यात "मृगातला तांबूस तारा, २ घरं" असं होतं. मी तारकानकाशात बघून काक्षी लिहिलं, बाबा म्हणाले आर्द्रा. दोन्ही दोन घरांचीच! शेवटी त्याच घरातून खाली जाणारा पाच घरांचा शब्द आकाशगंगा निघाला म्हणून आ पक्का झाला, आणि आर्द्रा बसलं. दुसऱ्या दिवशी "चंद्र नसलेला ग्रह, २ घरं". आता बुधालाही चंद्र नाही आणि शुक्रालाही नाही, करायचं काय? तिथे उभ्या शब्दानं वाचवलं, अमावास्येनंतर सुरू होणारा चार घरांचा, म्हणजे शुक्लपक्ष घ्या नाहीतर शुद्धपक्ष, सुरुवात शु नेच.

एका सूचनेला मात्र दोघांनी एकदम उत्तर दिलं. "आधी सूर्यावर सापडलं, मग पृथ्वीवर, ४ घरं." हेलियम! विजयदुर्ग आमच्याच तालुक्यात, तिथले साहेबाचे ओटे, म्हणजे जुने चौथरे, लहानपणी बघितलेले, ज्या ग्रहणात सूर्यावरच्या हेलियमचा पहिला सुगावा लागला त्या १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. त्या दिवशी बाबा खूप दिवसांनी भरभरून बोलले.

आता अडलेलं कोडं. आडवा शब्द "दुर्बिणीतून सापडलेला पहिला ग्रह, १७८१, ४ घरं". हर्शेलनं शोधलेला युरेनस, यु-रे-न-स, चार घरं, मला शंकाच नाही. बाबा हर्षल म्हणाले, पंचांगात तसंच असतं, पण ते तीनच घरांचं. उभा शब्द "सप्तर्षींमधल्या वसिष्ठाशेजारची अंधुक चांदणी, ४ घरं", आणि त्याचं शेवटचं घर नि युरेनसचं शेवटचं घर एकच. म्हणजे उभ्या शब्दाच्या शेवटी स यायला हवा. बाबा तीन दिवस एकच सांगतायत, "अगो, अरुंधतीच ती." मी म्हणते बाबा स पाहिजे शेवटी. ते गप्प बसतात, थोड्या वेळानं परत तेच. पूर्ण भरल्याशिवाय चूक कुठे ते दाखवत पण नाही. यात चुकीचं काय आहे? आणि अशी दोन नावं असली की तुम्ही कसं ठरवता?

अजून एक, हे कोड्यासाठी नाही, माझ्यासाठी. "पाऊस आणतो पण पावसात दिसत नाही, २ घरं" याला बाबा क्षणात "मिरग! दुसरा काय?" म्हणाले. मृग लिहिलं, बरोबर निघालं. पण मृग नक्षत्र लागलं म्हणतो आपण जूनमध्ये, आणि आकाशात मृग बघितलाय तो कायम थंडीत. हे कसं काय? बाबांना शब्दात सांगता येईना. कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

प्रतिसाद

ताई, बाबांचं बरोबर आहे. अरुंधती लिहा आणि युरेनस खोडा. त्या ग्रहाला मराठीत प्रजापती असंही नाव आहे, प्र-जा-प-ती, चारच घरं आणि शेवटी ती. जुन्या मराठी पुस्तकांत नेपच्यूनला वरुण आणि युरेनसला प्रजापती असंच सापडतं. तुमचा ग्रह बरोबर होता, नाव दुसरं हवं होतं.

मी तरी असं करतो, ज्याला एकच नाव आहे ते आधी भरायचं. अरुंधतीला दुसरं नाव मी तरी ऐकलेलं नाही, तसंच ध्रुव, रोहिणी, मघा ही पण पक्की. युरेनस, नेपच्यून, काक्षी असलं काही आलं की घरं मोकळी सोडायची, बाजूची अक्षरं येऊ द्यायची. आणि शेवटचा इकार दीर्घच धरा, स्वाती, स्वाति नाही.

मृगाचं असं आहे. "नक्षत्र लागलं" म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. साधारण ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. मग मृग सूर्याबरोबरच उगवतो, सूर्याबरोबरच मावळतो, दिवसभर डोक्यावर असतो पण उजेडात दिसणार कसा? ढग नसते तरी दिसला नसता. पुढे सूर्य सरकत जातो आणि डिसेंबरात तो मृगाच्या बरोबर समोरच्या बाजूला पोचतो, तेव्हा इकडे सूर्य समुद्रात बुडाला की थोड्या वेळानं सह्याद्रीच्या अंगाला मृग वर येतो, आणि रात्रभर दिसतो. पावसाची सगळी नक्षत्रं अशीच, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, पाऊस त्यांच्या नावानं पडतो तेव्हा त्यातलं एकही दिसत नाही.

धागाकर्ती

भरलं! प्रजापती बसलं आणि सगळी घरं हिरवी झाली. तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. मी तीन दिवस त्यांचं उत्तर कापत होते, माफी मागितली. ते काही बोलले नाहीत, फक्त चारही पेरं पुन्हा मोजली. मग मृगाचा भाग परत वाच म्हणाले. तो दोनदा वाचला. लग्नात आईला अरुंधती दाखवली होती तेव्हा ती अंधुक चांदणी त्यांना वसिष्ठापासून वेगळी स्पष्ट दिसायची म्हणे, गेली काही वर्षं दोन्ही एकच दिसायच्या. डिसेंबरात पहाटे सप्तर्षी ईशान्येला वर येतात तेव्हा त्यांना उठवून अंगणात नेणार आहे, नवीन डोळ्यानं दोन दिसतात का बघायला.

आजच्या कोड्यात "दक्षिणेचा ऋषी, ३ घरं" आहे. अगस्त्य ना? त्याला दुसरं नाव नाही ना काही? लिहायच्या आधी विचारतेय.