मदत हवी आहे: लाइट गेली की लेबल प्रिंटर व्हर्च्युअल मशीनमधून गायब (केव्हीएम, डेबियन १२)

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत, पॅकिंग मांगरात चालतं. पेटीवरची लेबलं छापणारा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो आणि हिशेब सगळा डेबियन या लिनक्सवर. म्हणून केव्हीएममध्ये (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारी लिनक्सची सोय) विंडोज टाकून यूएसबी प्रिंटर व्हर्ट-मॅनेजर या मशीन सांभाळणाऱ्या प्रोग्राममधून आत दिला. सुरुवातीला झकास छापतो.

अडचण लाइटची. यूपीएस छोटा आहे, कॉम्प्युटरपुरताच. लाइट जाऊन आली की डेबियनला प्रिंटर दिसतो, विंडोजला नाही. एलएसयूएसबीमध्ये (जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) दर वेळी त्याचा डिव्हाइस क्रमांक बदलतो: ००७ चा ००८, मग ००९. मशीनच्या एक्सएमएल सेटिंग फाइलमध्ये मी व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडीच (कंपनी आणि मॉडेलचे न बदलणारे क्रमांक) दिलेत, तरी तेच. खाऱ्या हवेने टोकं गंजली असतील म्हणून केबलही बदलली. शेवटी विंडोज बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. वाशीचा ट्रक दारात उभा, पेट्या भरून तयार आणि बायका लेबलांसाठी ताटकळलेल्या. फार जीव जातो हो त्या वेळी.

मग यूएसबीचा अख्खा कंट्रोलरच व्हीएफआयओने (हार्डवेअर थेट व्हर्च्युअल मशीनच्या ताब्यात देण्याची पद्धत) द्यायचं ठरवलं. त्यासाठी बायोसमध्ये व्हीटी-डी चालू केलं, लिनक्सच्या कर्नललाही आयओएमएमयू (उपकरणांना मेमरीत एकमेकांपासून अलग ठेवणारी सोय) चालू करायला सांगितलं. पण बोर्डावर कंट्रोलर एकच, तो दिला तर कीबोर्ड-माउसही जाणार. वेगळं यूएसबी कार्ड आणलं, तर ते लॅनच्याच आयओएमएमयू ग्रुपात (यातली उपकरणं एकमेकांपासून अलग करता येत नाहीत) आलं आणि ‘ग्रुप इज नॉट व्हायेबल’ म्हणून मशीन सुरूच होईना. एसीएस ओव्हरराइडचा पॅच मला नको. त्याने ग्रुप वेगळे दिसतात, उपकरणं खरोखर अलग होत नाहीत, आणि इथे लोकांचे पैशांचे हिशेब आहेत.

कार्ड ग्राफिक्सच्या रिकाम्या स्लॉटमध्ये हलवू, की दुसरा काही मार्ग आहे?

प्रतिसाद:
ताई, तो स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असेल तर ग्रुप बहुधा वेगळा मिळेल. पण एका प्रिंटरसाठी एवढं कशाला? लिब्व्हर्ट (व्हर्ट-मॅनेजरच्या मागे काम करणारी सेवा) मशीन सुरू होतानाच आयडीवरून बस आणि डिव्हाइस क्रमांक शोधून तोच धरून ठेवतं. क्रमांक बदलला की संबंध तुटला. यूडेव्हचे (उपकरण जोडलं-काढलं की ठरलेली कमांड चालवणारी लिनक्सची सोय) दोन नियम लिहा: प्रिंटर गेला की लिब्व्हर्टची व्हर्श डिटॅच-डिव्हाइस ही कमांड, आला की अटॅच-डिव्हाइस. नवी जोडणी करण्याआधी जुनी नोंद काढून टाका. आणि जाण्याच्या नियमात एटीटीआर (सिसएफएस या कर्नलच्या माहितीच्या फोल्डरमधून उपकरणाची माहिती वाचणारी अट) लिहू नका, तोवर सिसएफएसमधली नोंद पुसलेली असते. तिथे ईएनव्हीमधलं (घटनेसोबतच येणारी माहिती) प्रॉडक्ट तपासा.

धागाकर्ती:
खूप आभार! पहिल्यांदा दोन्हीकडे एटीटीआरच लिहिलं होतं, डिटॅच होतच नव्हतं. ईएनव्ही केल्यावर प्रिंटरचा स्विच पाच वेळा बंद-चालू केला, पाचही वेळा विंडोजला सापडला. प्रिंटर बंद असतानाही मशीन सुरू व्हावं म्हणून एक्सएमएलमधली स्टार्टअप पॉलिसी ऑप्शनल ठेवली. छापता छापता लाइट गेली तर ते एक लेबल पुन्हा काढावं लागतं, तेवढं चालेल.