मिरचीवर पांढरी माशी, फवारूनही जात नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर पूर्वेकडची बाल्कनी आहे. आठ मिरच्या, दोन टोमॅटो, एक जास्वंद. मिरचीचं बी आईने दिलंय, तिच्या परसातल्या लवंगीचं. ती दरवर्षी स्वतः बी धरते, त्यामुळे ही रोपं हातची जाऊ नयेत असं फार वाटतं.

तीन आठवड्यांपूर्वी पाणी घालताना कुंडीला धक्का लागला आणि पानांखालून पांढरा भुरा उडाला. जरा वेळाने सगळे परत पानाखाली जाऊन बसले. पान उलटून पाहिलं तर फिकट, चपटे ठिपके चिकटलेले. नखाने खरवडले की निघतात. जास्वंदीची खालची पानं हाताला चिकट लागतात, त्यावर काजळी धरली आहे. दोन मिरच्यांच्या शेंड्याची पानं बारीक राहून वाटीसारखी वर वळली आहेत.

नीम तेल 5 मिली, लिटरभर पाणी आणि थोडा साबण असं आठवड्यातून एकदा फवारते. चार दिवसांनी माश्या तितक्याच. एकदा भर दुपारी फवारलं तर टोमॅटोची पानं करपली. पिवळं चिकट कार्ड टांगलंय, तेही भरतंय. एका नर्सरीत एक बाटली दिली, तिच्यावर नावाचा कागदच नव्हता. घरात पाच वर्षांचा मुलगा आहे, मिरच्या खायच्या आहेत, म्हणून ती उघडलीच नाही.

माझं कुठे चुकतंय? आणि त्या दोन वळलेल्या मिरच्या वाचतील का?

प्रतिसाद:
बाटली उघडली नाहीत हे उत्तम केलंत. तुम्ही वरून फवारत असणार. अंडी, पिल्लं, कोष सगळं पानाच्या खालच्या बाजूला असतं आणि नीम तेल जिथे लागेल तिथेच काम करतं. कुंडी आडवी धरून खालून भिजवा. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून आज वाचलेली अंडी पुढच्या आठवड्यात पिल्लं होतात. दर पाच-सहा दिवसांनी, ऊन उतरल्यावर, सलग चार वेळा करा. आधी साबण तेलात घोटून घ्या, मग पाणी घाला. नाहीतर तेल वर तरंगतं आणि पान करपतं. कार्ड फक्त उडणाऱ्या माश्या धरतं, पिल्लांना त्याचं काही नाही. तरी ते शेंड्याच्या उंचीवर असू द्या.

प्रतिसाद:
तेल नको असेल तर निंबोळी अर्क करा. 50 ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा घालून त्याच दिवशी वापरायची.
वळलेल्या पानांचं मात्र आधी तपासा. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. पिवळसर, लांबट, बारीक किडे चालताना दिसले तर फुलकिडे असतील. त्यांनीही पान वर वळतं. काहीच दिसलं नाही आणि नवी पानंही तशीच बारीक येत असतील तर तो चुरडा-मुरडा. तो विषाणू पांढरी माशीच पसरवते आणि त्याला औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधा, खतात टाकू नका.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. तीन दिवस सकाळी झटकून पाहिलं, कागद कोराच. काल दोन्ही झाडं उपटली. आईला फोनवर सांगताना गळा दाटून आला. उरलेल्या सहा कुंड्या जास्वंदीपासून लांब, खिडकीच्या दुसऱ्या टोकाला नेल्या. खालून पहिली फवारणी झाली.
आता एकच विचारायचंय. सहापैकी सगळ्यात जोमदार रोपावर कळ्या आल्या आहेत आणि बी त्याचंच धरायचंय. त्याला फुलं असेपर्यंत तेल थांबवू का?

प्रतिसाद:
थांबवू नका, चक्र पुन्हा सुरू होईल. फुलं चुकवून फक्त पानांच्या खालून मारा. बी झाडावर लालभडक पिकलेल्या मिरचीचंच धरा.