पुरवठादाराने ऐनवेळी बँक खाते बदलले; पैसे पाठवावेत का?

प्रश्न:
परदेशातील एका कारखान्याकडून यंत्रांचे सुटे भाग मागवले असून ३० टक्के रक्कम आगाऊ दिलेली आहे. उरलेली ७० टक्के रक्कम आता नव्या खात्यात भरावी, असा ईमेल नेहमीच्याच पत्रव्यवहारात आला आहे. मात्र हे खाते तिसऱ्याच देशात आणि निराळ्या कंपनीच्या नावे आहे. पैसे पाठवावेत का? पुढच्या वेळी लेटर ऑफ क्रेडिट (ठरलेली कागदपत्रे सादर झाल्यावर विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) उघडले, तर निकृष्ट मालाचा धोका टळेल का?

उत्तर १:
कृपया तूर्त काहीही पाठवू नका. ईमेल खात्यात शिरलेले भामटे बिल निघेपर्यंत गुपचूप पत्रव्यवहार वाचत राहतात आणि नेमक्या वेळी खाते क्रमांक बदलतात, त्यामुळे जुन्या साखळीत आलेला ईमेल हा खरेपणाचा पुरावा ठरत नाही. पुरवठादाराला फोन करा, पण त्या ईमेलमधील क्रमांकावर नव्हे, तर करार करताना मिळालेल्या क्रमांकावर. त्यांनी दुजोरा दिला, तरी निराळ्या कंपनीच्या नावे पैसे भरू नयेत, असे माझे ठाम मत आहे. उद्या वाद झाल्यास रक्कम विक्रेत्यालाच मिळाली, हे सिद्ध करताना तुमची दमछाक होईल.

उत्तर २:
लेटर ऑफ क्रेडिटने धोका आपोआप टळत नाही. २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या लेटर ऑफ क्रेडिटविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँका कागदपत्रे पाहतात, माल पाहत नाहीत; पेट्यांत भंगार असले, तरी कागदपत्रे अटींबरहुकूम असल्यास बँक पैसे चुकते करते. म्हणून तुम्ही नेमलेल्या स्वतंत्र तपासणी संस्थेचे, माल जहाजावर चढण्यापूर्वीचे प्रमाणपत्र आवश्यक कागदपत्रांत घाला. त्यात ‘माल तपासला’ एवढाच शेरा चालणार नाही. किती नमुने घेतले, कोणती मापे तपासली आणि निकाल काय आला, हे नमूद असलेच पाहिजे, अशी अट लिहून घ्या.

प्रश्नकर्ता:
फोन केला. खाते बदललेलेच नाही, असे त्यांनी सांगितले, मनःपूर्वक आभार. मागील खेपेतील काही भाग सदोष आहेत, त्यासाठी आपल्याच न्यायालयात दावा लावावा का?

उत्तर ३:
आधी करारातील वादनिवारणाचे कलम वाचा. एका देशाच्या न्यायालयाचा निकाल दुसऱ्या देशात अमलात आणणे अनेकदा जिकिरीचे असते, तर लवादाचा निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे १७० हून अधिक देशांत अंमलबजावणीस पात्र ठरतो. लवादाचे कलम नसेल, तर पुढील करारात ते अवश्य घाला. तोवर सदोष भाग वापरू नका, बॅच क्रमांक दिसेल अशी छायाचित्रे काढा आणि दोष नेमका काय आहे ते पुरवठादाराला आजच लेखी कळवा, कारण तक्रारीला उशीर झाला, हाच त्यांचा पहिला बचाव असेल.