रंग खरवडायची घाई नको

आजोबांच्या जुन्या रॅले सायकलला पावडर कोटिंग (जुना रंग काढून भट्टीत पक्का केलेला नवा रंग) करून घेऊ का असं विचारलंयत, तर माझं मत सरळ नाही! त्या सोनेरी रेघा एकदा गेल्या की गेल्या. आधी ओल्या फडक्याने पुसून थोडं पॉलिश मारून बघा, मळाखाली काळा रंग बऱ्याचदा शाबूत निघतो.

मी पंचवटीत घराच्या ओट्यावरच एक उघडली होती, सगळ्यात छळलं ते कॉटर पिननी (पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, मधल्या आसाला पक्का धरणाऱ्या खिळ्या). दोन दिवस डिझेल सोडत राहिलो, मग नट पूर्ण न काढता पिनच्या टोकाशी लेव्हल ठेवला (नाहीतर आटे जातात), क्रँकखाली लोखंडी पाइपचा जाड तुकडा उभा लावला आणि हातोडीचा एकच दणका, हलके हलके ठोकत बसलात तर पिन वाकते आणि मग ड्रिलच.

बेअरिंगचे छर्रे जुने परत घालू नका, पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) ३/१६ आणि मागच्या साध्या, बिनगिअरच्या हबला नि क्रँकला १/४ इंचाचे, स्वस्त असतात. रिमच्या क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासलं की निघतो, सँडपेपर अजिबात नको.

आणि मागचा हब स्टर्मी-आर्चर कंपनीचा, आत गिअर असलेला असेल तर पुसून बघा, त्यावर बहुतेक वेळा सालाचे आकडे कोरलेले असतात. सापडले तर सांगा हं.