मदत हवी आहे: आईला युंगफ्राउयोख झेपेल का?

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबांना (६८ आणि ७३) घेऊन स्वित्झर्लंडला जातेय. लाउटरब्रुनेनमध्ये ४ रात्रींचं बुकिंग झालंय. रोहतांगला आईला धाप लागली होती, ओठ निळसर पडले होते. खाली आणल्यावर अर्ध्या तासात बरं वाटलं. डॉक्टरांनी तपासून 'जा, पण वर फार वेळ थांबू नका' एवढंच सांगितलं.

युंगफ्राउयोख (आल्प्समधलं बर्फाळ ठिकाण, वरपर्यंत रेल्वे जाते) ३४५४ मीटर. वाटेतल्या आयगरग्लेचर स्टेशनला (२३२० मीटर) थोडं थांबून वर जावं म्हणतेय. दुसरा पर्याय झेरमाटजवळचं गोर्नरग्राट, ३०८९ मीटर, पण झेरमाटला जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. लाउटरब्रुनेनजवळचं म्युरेन गाव नक्की करणार आहोत, पण आईला एकदा बर्फाला हात लावायचाय, त्यासाठीच सगळा खटाटोप. जिने चढणं दोघांनाही जमत नाही.

वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी सांगा: युंगफ्राउयोखला तासभर निभावलं का, की गोर्नरग्राटच बरं?