‘सरलॉइन’ला ‘सर’ ही पदवी खरोखर राजाने दिली का?

पुतणी (प्रेस्टन): काका, आज आम्ही लँकाशायरमधला हॉटन टॉवर हा जुना वाडा पाहिला. १६१७ मध्ये पहिला जेम्स राजा येथे मुक्कामाला असताना जेवणातील गोमांसाचा एक भाग त्याला इतका आवडला, की त्याने तलवार उपसून त्याला ‘सर’ ही पदवी दिली आणि म्हणून त्याचे नाव ‘सरलॉइन’ पडले, असे सांगतात. तुम्हांला हे पटते का?

काका: जेम्सचा तो मुक्काम खरा आहे, पण पदवीची गोष्ट मला मुळीच पटत नाही. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्यात ‘सुर’ म्हणजे वर आणि ‘लोंज’ म्हणजे कंबरेचा भाग. बरगड्या संपतात तिथून मागे, कण्यालगतचे हे मांस असल्यामुळे नाव चपखल बसते. सोळाव्या शतकात, जेम्स इंग्लंडच्या गादीवर येण्याआधीच, इंग्रजीत हा शब्द रूढ होता आणि त्यातला ‘सर’ ‘यू’ने लिहीत. ‘आय’चे स्पेलिंग पुढे रुळले, आणि त्याला ही दंतकथा फार सोयीची ठरली.

आत्या: मी तर हा मान आठव्या हेन्रीचा असल्याचे वाचले होते.

काका: बरोबर वाचलेस, ताई. इतिहासकार टॉमस फुलरने १६५५ मध्ये परंपरेचा हवाला देऊन हेन्रीचेच नाव लिहिले, लेखक जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या विनोदी संवादांत तो मान जेम्सकडे गेला, आणि काहीजण दुसऱ्या चार्ल्सचे नाव घेतात. सॅम्युअल जॉन्सनने तर १७५५ च्या शब्दकोशात, कोणाचेही नाव न घेता, ‘आमच्या एका राजाने’ खुशीत येऊन ही पदवी दिली, असे नोंदवले. एकाच प्रसंगाचे तीन धनी निघतात, तेव्हा प्रसंगच मागाहून रचलेला असणार, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही बाजूंचे सरलॉइन कण्यासकट अखंड ठेवले, तर त्याला इंग्रज ‘बॅरन’ म्हणतात. बॅरन ही ‘सर’हून वरची सरदारकी, म्हणून तीही याच शाब्दिक कोटीची पुढची पायरी मानली जाते.

पुतणी: मग न्यू जर्सीच्या वहिनीने पाठवलेल्या पाककृतीतले सरलॉइन इथल्या खाटकाकडे मिळेल ना?

काका: नाव तेच असले, तरी तुकडा वेगळा मिळेल. अमेरिकेत सरलॉइन म्हणतात तो भाग आणखी मागचा, पुठ्ठ्याकडचा असतो आणि ब्रिटनमध्ये त्याला ‘रम्प’ म्हणतात, म्हणून तू खाटकाकडे रम्पच माग.